रेक की ट्रॅव्हल: लेकीच्या सॉकर क्लबचं आमचं प्रकरण, आजोबांच्या डायरीसकट

दर मे महिन्यात ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "अगं ट्रायआउट आलेत, रेकमध्येच ठेवू का ट्रॅव्हलला टाकू?" आणि मी दर वेळी अर्धा तास तेच ते सांगत बसते. म्हणून यंदा सगळं प्रकरण एकदाच सुरुवातीपासून लिहून काढतेय. हे एका घराचं, एका मुलीचं आणि दोन वर्षांचं आहे, तुमचं वेगळं असेल. पण आम्ही नेमकं कुठे चुकलो ते मला आता स्पष्ट दिसतं, आणि ती चूक आपल्याकडे बरेच जण करतात असं आजूबाजूला बघून वाटतं.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, प्रिन्स्टनपासून पंधरा मिनिटांवर. दोन मुलं, मोठा मुलगा आणि धाकटी लेक. लेक पाच वर्षांची असल्यापासून गावच्या क्लबात रेक खेळत होती. नवीन आलेल्यांसाठी सांगते, रेक म्हणजे नाव दिलं की प्रवेश, ट्रायआउट (निवडचाचणी) नाही, क्लबवाले साधारण सारख्या ताकदीच्या टीम पाडतात, आठवड्यात एक प्रॅक्टिस, शनिवारी गावातल्याच मैदानावर मॅच, आणि कोच म्हणजे कुणाचे तरी आईबाबा. १९६४ साली कॅलिफोर्नियात टॉरन्सला सुरू झालेल्या एवायएसओ या मुलांच्या सॉकर संघटनेने तर 'सगळे खेळणार' हे तत्त्वच करून टाकलं, प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच मिळालीच पाहिजे, आणि आमच्या गावच्या रेकमध्येही तसाच नियम आहे. ट्रॅव्हल म्हणजे ट्रायआउट देऊन निवड, मग ए टीम, बी टीम, सी टीम, आठवड्यात दोन प्रॅक्टिस, दुसऱ्या गावांशी मॅच, पगारी कोच आणि वर्षभराचा करार. एकाच क्लबात दोन्ही असू शकतं, आमच्या गावात तसंच आहे.

माझा नवरा दोन वर्षं तिच्या रेक टीमचा कोच होता. त्यासाठी बॅकग्राउंड चेक, सेफस्पोर्टचं (खेळात मुलांचा छळ होऊ नये म्हणून असलेलं) ट्रेनिंग आणि रटगर्स विद्यापीठाचं तीन तासांचं सेफ्टी क्लिनिक, सगळं केलं त्याने. रेकचे कोच हौशी असतात म्हणून लोक जरा कमी लेखतात, पण शुक्रवारी रात्री ऑफिसचं काम संपवून दुसऱ्या दिवशीच्या बदल्यांचा कागद तयार करणारा माणूस मी घरात बघितलाय, कोण किती वेळ खेळणार, कोण गोलकीपर, कुणाला मागच्या वेळी कमी मिळालं. हा कागद लक्षात ठेवा.

२०२३ च्या शेवटी आमच्या इथल्या गॉथम एफसी टीमने महिलांची व्यावसायिक सॉकर लीग जिंकली. त्यानंतरच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही दोनदा हॅरिसनला जाऊन त्यांच्या मॅच बघितल्या आणि लेक एकदम पेटलीच. घराच्या मागे रोज बॉल. तिच्या कोचिंग करणाऱ्या बापाने तिला सांगितलं की अमेरिकेच्या टीममधून खेळलेली हेदर ओ'रायली ईस्ट ब्रन्सविकची, म्हणजे आपल्या इथून अर्ध्या तासावरची, मग काय, ट्रॅव्हलचा हट्ट सुरू झाला. हट्ट तिचा स्वतःचा होता हे मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळदा तो आईबाबांचा असतो.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी आम्हाला तेव्हा कळायला हवी होती. लेकीचा जन्म नोव्हेंबर २०१५ चा. २०१७ पासून देशभर वयोगट कॅलेंडर वर्षाप्रमाणे झाले होते, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. शाळेत मात्र आमच्याकडे प्रवेशाच्या वयाची ऑक्टोबरची कट-ऑफ, त्यामुळे तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली २०१६ च्या. परिणाम असा की सॉकरमध्ये ती अंडर-१० ला, वर्गमैत्रिणी अंडर-९ ला, आणि तिच्या गटात ती जवळजवळ सगळ्यात लहान. जानेवारीत जन्मलेल्या मुलीपेक्षा दहा महिन्यांनी लहान, आणि पावणेनऊ वर्षांच्या पोरीला दहा महिने म्हणजे तिच्या आयुष्याचे जवळपास दहा टक्के, उंची, धाव, ताकद, सगळ्यात फरक दिसतो. ट्रायआउट घेणाऱ्याला तो फरक 'टॅलेंट' म्हणून दिसतो. हे मी कोचवर आरोप म्हणून म्हणत नाही, दीड तासात साठ मुली बघायच्या तर धावणारी मुलगीच नजरेत भरणार.

मे २०२४ मध्ये आमच्यासमोर तीन रस्ते होते. एक, गावच्या रेकमध्येच राहणं, सीझनचे दीडशे डॉलर. दोन, गावच्याच क्लबची ट्रॅव्हल बी टीम, वर्षाचे साधारण अकराशे. तीन, पस्तीस मिनिटांवरचा एक मोठा खाजगी क्लब, तिथे तिला तिसऱ्या टीममध्ये जागा मिळाली, वर्षाचे सव्वीसशे, किट वेगळं, टूर्नामेंट वेगळ्या, हिवाळ्यातलं इनडोअर वेगळं. त्या क्लबाचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरकही पडत नाही, असे क्लब प्रत्येक कौंटीत आहेत.

ईमेल रात्री दहाला आली आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पाचशे डॉलर भरून जागा पक्की करा असं होतं. गावच्या क्लबाचा निकाल अजून आलाच नव्हता. त्या चोवीस तासांत आम्ही काय बघितलं ते प्रामाणिकपणे लिहिते: वेबसाइट बघितली, तिथून कुठल्या कॉलेजात मुली गेल्या त्यांची यादी बघितली, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या दोघांना विचारलं, त्यांची मुलं त्याच क्लबाच्या ए टीममध्ये होती आणि ते अगदी खूश होते. झालं, पैसे भरले. तिसऱ्या टीमचा कोच कोण, तो आणखी किती टीम सांभाळतो, टीममध्ये किती मुली घेतल्यात, करारात पैसे परत मिळण्याबद्दल काय लिहिलंय, यातलं एकही बघितलं नाही. आम्ही क्लब निवडला. पण मूल क्लबात खेळत नाही, ते एका टीममध्ये, एका कोचच्या हाताखाली, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एका मैदानावर खेळतं, आणि तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. ए टीमच्या आईबाबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त ते ए टीमबद्दल होतं.

स्कॉलरशिपचंही बोलते, कारण आमच्या त्या चोवीस तासांत तो शब्दही येऊन गेला. तेव्हा डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, एका महिला सॉकर टीमला जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिपइतके पैसे देता यायचे आणि ते पंचवीस-तीस मुलींमध्ये वाटले जायचे. डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाही. आणि शेजारचं प्रिन्स्टन, ज्याच्याकडे आपले सगळे आशेने बघतात, ते आयव्ही लीगमध्ये, तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा विचार करणंच चूक होतं, पण केला, म्हणून लिहिलं.

ऑगस्टमध्ये सासरे आले, तीन महिन्यांसाठी. ते कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या टीमची नावं ते घरातल्या माणसांसारखी घेतात आणि शाहू स्टेडियमवर त्यांनी आयुष्यभर मॅच बघितल्यात. मी त्यांना आमचे तीन पर्याय समजावून सांगितले तर ते म्हणाले, "टीम निवडायची काय असत्या? ज्या पेठेत घर, ती टीम." तेव्हा मी ते सोडून दिलं, पण नंतर बरेचदा आठवलं. घराजवळची टीम, शाळेत रोज दिसणाऱ्या मुली, मॅच संपल्यावर एकत्र खाणं, याला काहीतरी अर्थ असतो.

सीझनची पहिली मॅच आली शनिवारी ७ सप्टेंबर २०२४ ला. त्याच दिवशी गणेश चतुर्थी. सकाळी सहाला प्रतिष्ठापना केली, आजोबांनी आरती म्हटली आणि मोदक डब्यात भरून आठला आम्ही गाडीत. पन्नास मिनिटांच्या मॅचमध्ये लेक चौदा मिनिटं खेळली. हे मला माहीत आहे कारण आजोबांच्या खिशात छोटी डायरी असते, त्यात ते हातावरच्या घड्याळात बघून लिहीत होते. मी आधी लक्ष दिलं नाही. दुसरी मॅच अकरा मिनिटं. तिसरी सतरा. चौथी नऊ. चौथ्या मॅचनंतर गाडीत कुणी बोलत नव्हतं, लेक मागे झोपलेली, आणि आजोबा हळूच म्हणाले, "पोरगी खेळत्या कुठं? बसत्याच की. चार मॅचची मिळून ५१ मिनिटं झाली."

घरी येऊन मी हिशोब मांडला. अंडर-१० ला सात विरुद्ध सात, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. सात मुली गुणिले पन्नास म्हणजे साडेतीनशे मिनिटं, टीममध्ये बारा मुली, सगळ्यांना सारखं वाटलं तर प्रत्येकीला २९ मिनिटं. लेकीला सरासरी तेरा. आणि त्या तेरा मिनिटांसाठी आठवड्यात तीन फेऱ्या, पस्तीस मिनिटं जाणं, पस्तीस येणं, म्हणजे साडेतीन तास गाडीत. रेकमध्ये तिला पंचवीस मिनिटं तरी मिळायचीच, घरापासून आठ मिनिटांवर. नवऱ्याने ते आकडे बघितले आणि बराच वेळ काही बोलला नाही. दोन वर्षं तो कागद त्यानेच बनवला होता ना.

कोचशी बोललो. तरुण मुलगा, लायसन्स असलेला, वागायला चांगला, पण तीन टीम सांभाळत होता आणि लेकीचं नाव आठवायला त्याला एक क्षण लागला. म्हणाला तिच्यात ताकद कमी पडते, स्प्रिंगला बघू. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. तिसऱ्या टीमलाही जिंकायचंच होतं, आणि जिंकायचं तर मोठ्या मुली मैदानात.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली नाही, आता कळते, आणि कोच पारखायला ती फार उपयोगी आहे. सात-सातच्या मॅचमध्ये मैदानावर बिल्ड-आउट लाइन नावाची रेघ असते. गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमने त्या रेघेमागे जायचं, आणि गोलकीपरने हातातला बॉल सोडून लाथेने लांब उडवायचा (पंट) नाही. हेतू एवढाच की मुलांनी न घाबरता मागून पास देत बॉल पुढे आणायला शिकावं. आता कोच काय करतो ते बघा. गोलकीपर शांतपणे जवळच्या मुलीकडे बॉल सरकवते का, आणि ती चुकून गोल झाला तरी कोच "परत तसंच" म्हणतो का? का "लांब फेक, लांब फेक" असं ओरडतो? आमचा दुसऱ्या प्रकारचा होता. दहा मिनिटं ही एकच गोष्ट बघितली तरी कोचबद्दल वेबसाइटपेक्षा जास्त समजतं.

(आजोबांची एक गंमतही सांगते. बॉल हवेतून आला की ते ओरडायचे "डोकं लाव!" इथे अंडर-११ आणि खालच्या मुलांना हेडिंग बंद आहे, मेंदूला मार लागू नये म्हणून २०१५ च्या शेवटी यूएस सॉकरने तो निर्णय जाहीर केला, मुद्दाम डोकं लावलं तर समोरच्या टीमला फ्री किक. समजावून सांगितल्यावर ते गप्प झाले आणि म्हणाले, "हे बरं केलं." त्यांच्या ओळखीतले कोण कोण पटापट आठवले असावेत.)

ऑक्टोबरमध्ये लेक पहिल्यांदा म्हणाली की पोटात दुखतंय, मंगळवारी. मग गुरुवारी. ज्या मुलीला अंधार पडल्यावर अंगणातून ओढून आणायला लागायचं ती बॉलला हात, म्हणजे पाय लावेना. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या २०१९ च्या पाहणीत आलं होतं की सरासरी मूल एखादा खेळ तीन वर्षांपेक्षा कमी खेळतं आणि अकराव्या वर्षापर्यंत सोडून देतं. मी ते वाचलं होतं, पण आपल्या घरात ते कसं दिसतं हे त्या मंगळवारी कळलं. पोटदुखीसारखं दिसतं.

करार वर्षाचा, पैसे परत नाहीत. मध्येच दुसरीकडे खेळायचं तर क्लबाकडून रिलीज, म्हणजे सोडपत्र, घ्यावं लागतं. आम्ही तिला बसवून विचारलं, तीच म्हणाली की जूनपर्यंत खेळते, कारण दोन मुली तिच्या मैत्रिणी झाल्या होत्या. हिवाळ्यातलं क्लबाचं महागडं इनडोअर मात्र आम्ही घेतलं नाही. त्याऐवजी गावच्या शाळेच्या जिममध्ये फुटसाल होतं, पाच-पाच जणी, कमी उसळणारा छोटा बॉल, गट शाळेच्या इयत्तेप्रमाणे. म्हणजे पहिल्यांदाच तिच्या वर्गातल्या मुली आणि तिच्याएवढ्या मुली. तिसऱ्या आठवड्यात ती बापाला सांगत होती की मी दोघींमधून बॉल काढला, तू बघितलं का, बघितलं का तू? मला आतून रडूच फुटलं होतं.

मे २०२५ मध्ये परत निवड, आणि या वेळी आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. गावच्या ट्रॅव्हल बी टीमची मंगळवारची प्रॅक्टिस न सांगता जाऊन कुंपणाबाहेरून बघितली, आणि त्याच क्लबाच्या एक वर्ष मोठ्या गटाचीही, कारण पुढच्या वर्षी लेक तिथेच असणार. काय बघितलं? मुली रांगेत किती वेळ उभ्या राहतात. बी टीमच्या त्या प्रॅक्टिसमध्ये एक मुलगी निवडून दहा मिनिटांत तिचा पाय बॉलला किती वेळा लागला ते नवऱ्याने मोजलं. चूक झाल्यावर मुली कोचकडे बघतात का बॉलकडे, हे मी बघितलं. मग कोचला भेटून तीन प्रश्न विचारले: सगळ्यांना किमान किती मिनिटं मिळतात, गोलकीपर फिरता आहे का एकच, आणि गेल्या वर्षीच्या टीममधल्या किती मुली या वर्षी परत आल्या. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. मिनिटांबद्दल कुणीही गोड बोलेल, पण मुली परत आल्या का नाही हे लपत नाही. कोच म्हणाली, तेरापैकी अकरा आल्या, एक गाव सोडून गेली, एक ए टीमला गेली. लगेच, न अडखळता. जिला असं पटकन सांगता येतं तिला आपल्या मुली माहीत असतात.

हीच टीम घ्यायची ठरली, आणि करार या वेळी ओळ न ओळ वाचला. दोन टूर्नामेंट फीमध्ये धरलेल्या, एक कोलंबस डेच्या वीकएंडला आणि एक मेमोरियल डेला, किटची किंमत वेगळी पण दोन वर्षं चालतं. मॅच रविवारी, आणि रविवारी सकाळी मराठी शाळा, हा अडचणीचा भाग. घरच्या मॅच दुपारच्या निघाल्या, बाहेरच्या काही सकाळी होत्या, वर्षभरात शाळेचे पाच रविवार बुडाले. ते मला अजून खटकतं, शिक्षिकेला आधी सांगून अभ्यास घरी करून घेतला, पण बुडाले ते बुडाले. ट्रॅव्हल घेताना हे आधी कॅलेंडरवर मांडून बघा, आपल्याकडच्या घरांत भांडणं बहुतेक यावरूनच होतात.

अंडर-११ ला नऊ-नऊ आणि तीस मिनिटांचे दोन हाफ. चौदा मुली, म्हणजे सारखं वाटलं तर साधारण ३९ मिनिटं. लेकीला कधी तीस, कधी पंचेचाळीस मिळाली. टीम निम्म्याहून जास्त मॅच हरली. मंगळवारचं पोट दुखलं नाही.

मोठ्या क्लबात जाऊच नये असं मी म्हणत नाहीये. त्याच तिसऱ्या टीममधली एक उंच, धडाडीची मुलगी वर्षभरात दुसऱ्या टीममध्ये गेली, तिला ते मैदान, ती स्पर्धा हवीच होती आणि तिच्यासाठी तो क्लब बरोबर होता. आणि रेक म्हणजे कायमची सोय असंही नाही. माझा मोठा तेरा वर्षांचा आहे, तो आजही रेकच खेळतो, बास्केटबॉल पण खेळतो, त्याला आठवड्यात एक दिवस मित्रांबरोबर पळायचंय आणि एवढंच पुरे आहे. बालरोगतज्ज्ञांची इथली संघटना सांगतेच की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नका, तर मला त्याची अजिबात काळजी नाही. पण या वयात अकरा-अकरा खेळायला मुलंच उरत नाहीत, बरेच ट्रॅव्हलला गेलेले, बरेच सोडून गेलेले, गेल्या वर्षी तीन गावांची मिळून एक रेक लीग करावी लागली. गावच्या रेकमध्ये नाव द्या, कोच कमी पडत असतील तर उभे राहा, नाहीतर अशा मुलांना खेळायला जागाच राहणार नाही, आणि ही गोष्ट मला लेकीच्या ट्रॅव्हलपेक्षाही जास्त लागते.

आता एप्रिल २०२६, पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रायआउट. २०२६-२७ च्या सीझनपासून वयोगट बदलतायत, १ ऑगस्ट ते ३१ जुलै. नोव्हेंबरची आमची लेक आता ऑगस्ट २०१५ ते जुलै २०१६ च्या गटात, म्हणजे परत एकदा अंडर-११, या वेळी मोठ्यांपैकी एक, आणि फुटसालच्या वर्गमैत्रिणी तिच्याच गटात. ज्यांची मुलं ऑगस्ट ते डिसेंबरमधली आहेत त्यांनी ट्रायआउटचा फॉर्म भरायच्या आधी कुठला गट ते क्लबाला विचारून घ्या, आमच्या ग्रुपवर दोघांनी जुन्याच गटात नाव दिलंय. मोठ्या क्लबाची ईमेल यंदाही आली होती, लेकीला दाखवली, तिने वाचली आणि विचारलं, "तिकडे आमच्या वर्गातलं कोण आहे?" कुणी नव्हतं.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी, म्हणजे मॅचच्या आड येत नाहीत. आजोबांचं तिकीट काढलंय. लेकीने त्यांना व्हिडिओ कॉलवर आधीच सांगून ठेवलंय की या वेळी डायरीत मिनिटं लिहायची नाहीत, माझे पास मोजायचे, बरोबर गेलेले एका पानावर आणि चुकलेले दुसऱ्या.